बंद पडलेल्या कारखान्याची सायकल चालते, मग तुमची का नाही?

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक, तसंच डिझाइन आणि ग्राहकसेवा विभागातली मंडळी,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमच्या कंपनीचं नाव मी लिहिलेलं नाही. सही केलेली प्रत पोस्टानं तुमच्याकडे येतेच आहे, तेव्हा पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल. इतर सायकल कंपन्यांनीही ते आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं. गिअरची सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, थोड्याफार फरकानं हाच अनुभव ऐकायला मिळतो.

मी कोल्हापुरात राहते. गगनबावडा रस्त्यावरच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. घरापासून शाळा ११ किलोमीटरवर आहे. जून २०१८ मध्ये तुमची २१ गिअरची हायब्रिड सायकल १७,५०० रुपयांना घेतली आणि तेव्हापासून पावसाचे मोजके दिवस सोडले तर शाळेला तिच्यावरूनच जाते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत तिच्यावर २६ हजार किलोमीटर झाले. त्या नोव्हेंबरात ती थांबली. कारखान्यांचा हंगाम नुकता सुरू झाला होता, ट्रॉलीतून सांडलेलं उसाचं वाडं रस्त्यावर पडलेलं होतं. त्यातलं एक पातं मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागात गुंतलं, डिरेलर आऱ्यांत ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, त्याचा हँगर, कटकन मोडला.

यात तुमचा दोष नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये हँगर वेगळा असतो तो याचसाठी. धक्का बसला तर त्यानं वाकावं, मोडावं, पण फ्रेम वाचवावी. माझ्या हँगरनं त्याचं काम चोख केलं. फ्रेमला ओरखडा नाही, डिरेलरही वाचला, दोन आरे बदलले की झालं. उरला प्रश्न फक्त बोटाएवढ्या, पंधरा-वीस ग्रॅमच्या तुकड्याचा. दोन स्क्रू काढायचे, नवा बसवायचा, दहा मिनिटांचं काम.

तो तुकडा मला मिळाला नाही. दुकानदारानं सांगितलं, मॉडेल बंद झालं, हँगर येत नाही. तुमच्या ग्राहकसेवेला ईमेल केला, फ्रेमचा नंबर, बिल, मोडलेल्या तुकड्याचे फोटो सगळं पाठवलं. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं, की हे मॉडेल २०२१ साली बंद झालं असून बंद झालेल्या मॉडेलांचे सुटे भाग पुरवणं कंपनीनं थांबवलं आहे. त्याखाली नव्या सायकलीवर २,००० रुपये सवलत देणारी एक्स्चेंज योजना होती.

माझ्या सायकलीची फ्रेम सरळ आहे. चाकं फिरतात, ब्रेक लागतात. ती मोडीत काढा आणि नवी घ्या, असं तुम्ही मला लिहून कळवलंत, आणि मी हे पत्र लिहायला बसले.

माझा जन्म सायकलच्या दुकानातला म्हटलं तरी चालेल. आमच्या आण्णांचं गावात दुकान होतं. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या आणि दुरुस्तीची कामं करायची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथेच असायचो. ओव्हरऑइलिंगला आलेल्या सायकलीचे छर्रे रॉकेलच्या ताटलीत धुऊन मोजून ठेवायचं काम माझं. मागच्या चाकाचे पाव इंची, पुढच्या चाकाचे तीन-सोळांश, हँडलखालच्या कपातले पाच-बत्तीसांश. कुठला छर्रा कुठला ते मी बोटांनी ओळखायचे. सायकल ॲटलस असो, हीरो असो, हर्क्युलस असो, ताटली एकच असायची. एका कंपनीचा कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा घट्ट धरणारी खीळ, दुसरीच्या क्रँकला बसायचा. २८ बाय दीडचा टायर सगळ्यांना चालायचा. बिस्किटांच्या चार-पाच जुन्या डब्यांत आण्णांचं सगळं भांडार मावायचं आणि तेवढ्यावर पंचक्रोशीतल्या सायकली चालत राहायच्या.

आण्णांची स्वतःची ॲटलस होती, १९८२ साली घेतलेली. ती कंपनी १९५१ साली सोनिपतला सुरू झाली आणि ३ जून २०२० रोजी तिचा शेवटचा चालू कारखाना, साहिबाबादचा, बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. ती बातमी मी आण्णांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोलले नव्हते. पण ती सायकल आजही माझा भाऊ शेतावर नेतो. गेल्या वर्षी तिच्या मागच्या चाकाचा कोन, छर्रे जागेवर धरणारा नट, बदलला, बाजारात पहिल्याच दुकानात मिळाला. कारखाना बंद पडला, तरी सायकल चालते. तुमचा कारखाना चालू आहे, जाहिराती चालू आहेत, आणि माझी सात वर्षांची सायकल एका तुकड्यासाठी भिंतीला टेकून उभी राहिली. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. पुढे जे लिहिते आहे ते याच दुखण्याचे वेगवेगळे ठणके आहेत.

त्याआधी तुमचं चांगलं तेही लिहायलाच हवं. मी ही सायकल नाइलाजानं चालवली नाही, मनापासून चालवली.

परदेशी कंपन्यांच्या बऱ्याच सायकली ज्या काळात आवाक्याबाहेर होत्या त्या काळात शिक्षकाच्या पगारात बसेल अशी, रोज चालवता येईल आणि घाटही चढेल अशी सायकल तुम्ही दिलीत. पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चकत्या, मागे १४ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा फ्रीव्हील. पहिल्या गिअरवर टाकली की पन्हाळ्याचा चढ न उतरता चढता येतो, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, श्वास फुललेला, पण पाय पायडलवरच. फ्रेमला कॅरियर आणि मडगार्ड लावायला भोकं ठेवलीत, ही गोष्ट कॅटलॉगमध्ये कुणी वाचत नाही. पण ज्याला वह्यांचे गठ्ठे न्यायचे असतात आणि जुलैत गगनबावडा रस्त्यावरून घरी यायचं असतं त्याला तिची किंमत कळते. ७०० बाय ३५ चे टायर खड्ड्यातही टिकले. याच सायकलीवर मी २०० किलोमीटरचं ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पार करायची लांब पल्ल्याची फेरी, पूर्ण केलं. साडेतेरा तासांची मुदत असते, मला बारा तास पन्नास मिनिटं लागली. शेजारी कार्बनच्या सायकली होत्या. शेवटच्या टप्प्यावर एकानं माझ्या सायकलीकडे बघून विचारलं, “ही? हिच्यावर?” त्या वेळी मला तुमचा अभिमान वाटला होता.

आणखी एक प्रसंग. करूळ घाट चढून परत येताना, साळवणच्या अलीकडे मागच्या चाकाचा ॲक्सल, म्हणजे आस, तुटला. तुमच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, फ्रीव्हील आट्यांवर बसतो, त्यामुळे उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि ॲक्सलचा मोठा भाग आधाराशिवाय लोंबतो. मागे सामान आणि पुढे चढ असला की तो वाकतो, कधी तुटतो. कॅसेटच्या, म्हणजे चकत्या आट्यांऐवजी खाचांवर बसणाऱ्या हबमध्ये छर्रे टोकाजवळ असतात, म्हणून तिथे हे फार कमी घडतं. ही उणीव आहे. तरी त्या दिवशी मी तुम्हाला दुवा दिला, कारण तो ॲक्सल साधा होता. रस्त्याकडेच्या दुकानातल्या पोरानं कप्प्यातून एक काढला, छर्रे ग्रीसमध्ये बसवले, चाकाचं आउट, म्हणजे वाकडेपण, काढलं आणि तासाभरात मी मार्गाला लागले. वस्तू कमकुवत असली तरी ती खेड्यात मिळत असेल तर आम्ही सांभाळून घेतो. कोल्हापुरातही मिळेना असा भाग मात्र कितीही उत्तम असला तरी आमच्या कामाचा नाही.

आता हँगरकडे परत येते, कारण सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे.

हँगरला सगळीकडे चालेल असं एक माप नाही. जवळपास प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा. तुमच्याच त्या वर्षीच्या तीन मॉडेलांचे हँगर मी दुकानात शेजारी ठेवून पाहिले, एकाचा दुसऱ्याला बसत नव्हता. एकाला दोन भोकं, दुसऱ्याला एक, तिसऱ्याची गोलाई निराळी. याला कुठलं तांत्रिक कारण असेल तर मला समजावून सांगा, मी ऐकेन. डिरेलर अडकवायचे आटे मात्र सगळ्यांत सारखे असतात, १० मिलिमीटरचा बोल्ट आणि १ मिलिमीटर अंतराचे आटे. म्हणजे एका टोकाला सगळ्या जगाचं एकमत आहे आणि दुसऱ्या टोकाला एका कंपनीच्या तीन सायकलींचं नाही. श्रॅम या अमेरिकी कंपनीनं २०१९ साली सगळ्यांना वापरता येईल असा एकच हँगर आणला आणि आज जगातल्या कितीतरी फ्रेम त्यावर बनतात. तो थ्रू-ॲक्सलच्या, म्हणजे चाकाचा जाड आस आरपार जाणाऱ्या फ्रेमसाठी आहे, तुमच्या क्विक रिलीजच्या, खटक्यानं चाक सुटणाऱ्या स्वस्त फ्रेमना तो बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो विचार तर तुम्हाला घेता येईल? तुमच्या सगळ्या ॲल्युमिनियमच्या सायकलींना एक हँगर. आण्णांच्या डब्यात मावेल असा.

तुम्ही तुकडा दिला नाहीत म्हणून मी तो करून घेतला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लोखंडाचं आणि ॲल्युमिनियमचं काय होत नाही? मोडलेला हँगर चिकटवून घेऊन गेले. एका वर्कशॉपच्या मालकांनी तो उलटसुलट पाहिला, व्हर्नियरनं मापं घेतली आणि म्हणाले, “बाई, एवढ्यासाठी सायकल उभी केलीय व्हय?” आटे पाडायचा १० बाय १ चा टॅप त्यांच्याकडे नव्हता, तो मागवावा लागला, त्यात आठवडा गेला. मग ॲल्युमिनियमच्या पट्टीतून त्यांनी मिलिंगवर पाच नग काढले, पाचांचे मिळून १,२०० रुपये. बसवला, गिअर जुळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेले.

मला उद्यमनगर जवळ होतं, ही माझी सोय. गडहिंग्लजच्या पुढच्या एखाद्या गावात हँगर मोडला तर त्या माणसानं काय करायचं? आणि हँगर एक-दोन मिलिमीटर वाकडा असला तरी गिअर नीट पडत नाहीत, तो सरळ आहे का हे बघायचं हत्यार किती गावांत आहे? तुमच्या अधिकृत दुकानातही मला ते दिसलं नाही.

यातून पुढची गोष्ट निघते. सायकल तुम्ही विकता, ती चालती ठेवतो तो मेकॅनिक. त्याला तुम्ही काय देता? नव्या मॉडेलच्या जाहिरातीचा फलक त्याच्या दुकानावर येतो. त्या मॉडेलच्या डिस्क ब्रेकचं पॅड कोणतं, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या दांड्यांमधला आस, कुठल्या मापाचं, हँगरचा क्रमांक काय, याचा एक कागद येत नाही. तो बिचारा मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतो, स्वतःच्या पैशानं हत्यारं घेतो. माझ्या सायकलीचं काम करणारे काका साठीच्या पुढचे आहेत. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. “नवीन सायकलीत हात घालायचा तर पार्ट कुठाय?” असं तो म्हणतो, आणि मला त्याला उत्तर देता येत नाही.

ऑनलाइन विक्रीबद्दल तर मला रागानं लिहावंसं वाटतं, पण शांतपणे लिहिते. आमच्या नववीतला एक मुलगा नवी सायकल घेऊन शाळेत आला. खोक्यातून आलेली, घरी वडिलांनी आणि त्यानं पान्यानं जोडलेली. पुढचा फोर्क उलटा बसवलेला होता, ब्रेकचे हात मागच्या बाजूला. हँडलचा बोल्ट हातानं फिरत होता. त्या पोरानं डांबरी उतारावरून सहा किलोमीटर सायकल आणली होती. मी त्याला मधल्या सुट्टीत थांबवून फोर्क सरळ केला. खोक्यातलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि त्यात “जोडणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी” एवढं म्हणून कंपनी मोकळी झाली होती. ती सायकल तुमची नव्हती, दुसऱ्या कंपनीची होती. पण तुमचीही अशीच खोक्यातून येते, तसंच इंग्रजी पुस्तक घेऊन.

मापांचंही बोलायला हवं. माझी उंची पाच फूट. माझं मॉडेल एकाच मापात होतं, १८ इंची. हँडल दूर पडायचं, खांदे आणि मानगूट भरून यायचं, वर्षभरानं स्वतःच्या खर्चानं आखूड स्टेम, हँडल धरणारा तुकडा, बसवला. बायकांसाठी म्हणून तुम्ही जी सायकल काढता तिला पुढे जाळीची बास्केट असते, रंग फिका असतो आणि गिअर नसतात. घाट बायकांनी चढायचे नाहीत असं कुणी ठरवलं? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली विशीच्या उंबरठ्यावर सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आमच्या शाळेतल्या मुली रोज आठ-दहा किलोमीटर पायडल मारून येतात. त्यांना लहान मापाची गिअरची सायकल हवी आहे, रंग कुठलाही चालेल.

वजन तुम्ही लिहीत नाही, हेही खटकतं. पोरांच्या सायकलींना जाड टायर, दोन्हीकडे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, सगळं दिसायला भारी, आणि उचलायला गेलं तर बाईमाणसाला जिना चढवता येत नाही. त्या किमतीतलं सस्पेन्शन दोन पावसाळ्यांत गंजून गच्च होतं, मग ते नुसतं ओझं. वजन खोक्यावर छापलंत तर लोक आपोआप शहाणपणानं निवडतील.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग यांच्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मला आनंद झाला. पण जो भाग बाजारात येतच नाही त्याच्यावरचा कर कमी होऊन माझ्या पदरात काय पडलं? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरातली उपकरणं, वाहनांची सामग्री अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. सायकलचं नाव त्या चारांत नाही. सायकल तर दुरुस्त होतेच, असं बहुधा सगळ्यांनी धरलेलं असतं. माझ्या लहानपणी तेच खरं होतं, आणि तुम्ही ठरवलंत तर आजही खरं होईल. त्यासाठी सरकारनं काठी उगारायची वाट कशाला पाहायची?

माझ्या मागण्या अशा.

मॉडेल बंद केल्यानंतर निदान दहा वर्षं त्याचा हँगर, आणि त्या फ्रेमलाच बसणारे इतर भाग विकत मिळावेत. ते ठेवणं परवडत नसेल तर मापांसह त्यांची रेखाचित्रं तुमच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी टाका. उद्यमनगरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आम्ही करून घेऊ. प्रत्येक नव्या सायकलीबरोबर एक जादा हँगर पिशवीत घालून द्या. एवढ्याशा तुकड्यानं तुमचा नफा बुडणार नाही.

पुढच्या मॉडेलांना एकच हँगर वापरा.

खोक्यावर आणि कॅटलॉगमध्ये वजन, फ्रेमचं माप आणि सुट्या भागांची यादी छापा. माहितीपुस्तक मराठीत द्या, चित्रांसह, फोर्क कुठल्या तोंडानं बसतो ते पहिल्या पानावर. खोक्यातून विकलेल्या सायकलीची जोडणी जवळच्या मेकॅनिककडून करून देण्याची जबाबदारी कंपनीनं घ्यावी आणि तिचे पैसेही कंपनीनंच द्यावेत.

जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून दोनदा मेकॅनिकांसाठी दोन दिवसांचं शिबिर घ्या. फक्त तुमच्या विक्रेत्यांसाठी नको, पंक्चरच्या टपरीवाल्यालाही बोलवा. जागा मिळत नसेल तर आमच्या शाळेचं सभागृह रविवारी मोकळं असतं, मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे.

आणि गिअरची एक तरी सायकल साडेचार फुटांपासूनच्या उंचीला बसेल अशा मापात काढा.

एक्स्चेंजचे दोन हजार मला नकोत. माझी सायकल चालू आहे आणि मी ती चालवणार आहे.

पाच हँगरपैकी एक सायकलीला बसवला. एक सीटखालच्या पिशवीत आहे. या पत्राआधी मी ओळखीच्या सायकलवाल्यांत विचारलं तेव्हा माझ्याच मॉडेलचे दोघे निघाले, एक सांगलीचा आणि एक कागलचा, दोघांच्याही सायकली उभ्या होत्या. दोन हँगर त्यांना दिले. पाचवा पोस्टानं येणाऱ्या प्रतीबरोबर तुम्हाला पाठवला आहे, सोबत व्हर्नियरनं घेतलेल्या मापांचा कागद आहे. तुमच्या डिझाइन विभागातल्या कुणीतरी तो मूळ रेखाचित्राशी ताडून पाहावा आणि कुठे चुकलं असेल तर कळवावं. आणखी लोक विचारायला लागले आहेत, पुढची खेप तुमचं उत्तर येण्याआधी काढायची नाही असं मी वर्कशॉपमध्ये सांगून ठेवलं आहे.

आपली,
सात वर्षं तुमच्या सायकलीवर शाळेत जाणारी एक शिक्षिका
कोल्हापूर